माशांवर काम

सईने सकाळीच आईला बजावून ठेवलं होतं, "माझं काम सोडायला लावणारं स्थळ असलं, तर दुसऱ्यांदा पोहे वाढू नकोस." प्रेमलाबाईंनी मान डोलावली आणि कढईत मूठभर पोहे जास्तच टाकले. लेकीच्या लग्नाच्या बाबतीत बाईंची मान एक बोलायची आणि हात भलतंच करायचे.

सात रस्ता चौकाजवळच्या त्यांच्या घरी मोडनिंबहून दोघंच आले. शाळेत गणित शिकवणारा सुबोध आणि त्याची आई इंद्रायणीबाई. पोह्यांवर शेंगांची चटणी पडली आणि इंद्रायणीबाईंनी पहिल्याच घासाला विषय काढला.

"मुलगी माशांवर काम करते म्हणे?"

"हो की! पीएचडी चाललीय तिची," प्रेमलाबाई फुशारकीने म्हणाल्या.

"तेच म्हणते मी. आमच्याकडे अंड्याचं टरफलसुद्धा घरात येत नाही. माशांचा वास घेऊन सून आली तर देवघरात काय सांगू? लग्नानंतर ते सोडावं लागेल बाई."

सईच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"काकू, मासे नाहीत हो! माश्या. केळ्यांवर घोंगावतात ना, चिलटांएवढ्या, त्या."

खोडी मराठीचीच. मासा असो नाहीतर माशी, पुढे 'वर' लागला की कानाला दोघं एकाच पंगतीत. पण इंद्रायणीबाईंचा चेहरा काही उजळला नाही.

"माश्या तर मी दिवसभर हाकलते. त्यांच्यात शिकण्यासारखं काय आहे?"

"लग्न कसं जमतं ते," सई म्हणाली. इतका वेळ बशीत बघणाऱ्या सुबोधने मान वर केली.

"नर मादीच्या मागे जातो, एक पंख आडवा धरतो आणि तो थरथरवून गाणं म्हणतो. त्याला कुणी शिकवत नाही. एक जीन असतो, म्हणजे जनुक, त्याचं नरातलं रूप वेगळं. त्यानं नराचा मेंदूच गाणाऱ्याचा घडतो. तेच रूप मादीत आणलं, तर मादी पंख हलवत दुसऱ्या मादीच्या मागे फिरायला लागते."

"अगंबाई!" प्रेमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आणि साधी मादी काय करते?" सुबोधने विचारलं.

"ऐकते. आवडलं नाही तर चालू लागते. आवडलं तर पाय मंदावतात, मग थांबते."

इंद्रायणीबाईंना गाडी रुळावर आणायची होती. "ते राहू दे. तुला गाणं येतं का? एखादं भजन?"

"काकू, आमच्यात गाणं नर म्हणतो," सईच्या तोंडून निघून गेलं.

प्रेमलाबाईंनी डोळेच मिटून घेतले. स्थळ गेलं! सईने रिकाम्या बश्या उचलल्या आणि ती स्वयंपाकघराकडे निघाली. तिला वाईट वाटत होतं. मुलाने प्रश्न चांगला विचारला होता.

मागून कुणीतरी खाकरलं. मग शाळेतली प्रार्थना सुरू झाली, इतकी बेसूर की खिडकीतलं कबुतर उडालं. सईने वळून पाहिलं. सुबोध गात होता, कान लालबुंद, उजवा हात पंखासारखा आडवा. दुसऱ्या ओळीनंतर तो थांबला.

"आई, हिच्या माश्यांच्या बाटल्या कधी घरी आल्याच, तर फडताळाच्या वरच्या फळीवर राहतील की."

इंद्रायणीबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्या हाताकडे पाहिलं. असला गाता लेक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"वरच्या फळीवर मुरांबा आहे," त्या म्हणाल्या. "खालच्या फळीवर ठेवा. बुचं मात्र घट्ट लावा."

सुबोधने हात पुन्हा आडवा केला आणि तिसरी ओळ धरली. ती पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट होती.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सईचे पाय मंदावले. मग थांबले.

"काय गं, अशी उभी का राहिलीस?" आईने मागोमाग येऊन कुजबुजत विचारलं.

"आई," सई म्हणाली, "पोहे आहेत ना अजून? वाढ त्यांना."