चेहरा शेवटी

आमच्या गुरुवारच्या चित्रमंडळात एकच कडक नियम होता: चेहरा शेवटी. आम्हाला शिकवणारी ग्वेंडा तो फळ्यावर लिहूनच ठेवायची. बसलेल्या माणसाचं वजन कुठे पडलंय ते आधी पकडा, मग खांदे, मग गुडघे. नाकडोळ्यांचे लाड नंतर. ह्युऑन नदीकाठच्या सफरचंदांच्या जुन्या शेडमध्ये आम्ही नऊजण आपापल्या ठरलेल्या स्टुलावर, आणि मधोमध माझा नवरा मर्व, अंगावर चिंधीही नसलेला, पायाशी गॅसचा हीटर. एकदा मॉडेल आला नाही म्हणून तो बसला आणि अकरा वर्षं बसतच राहिला. "घरी नुसताच बसतोस, इथे बसून निदान कामी ये," असं मीच त्याला म्हटलं होतं.

मी नियमाची पक्की. त्याचा डावा, कायम सुजलेला गुडघा मी डोळे मिटूनही काढीन. चाळीस मिनिटं झाली की ग्वेंडा टाळी वाजवायची आणि चेहरा राहून जायचा. राहू दे, घरी रोज समोर असतोच की, असं म्हणायचे मी. मूर्ख बाई!

एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्या इकडच्या शरदात, सफरचंदांची तोडणी चालू असताना, मर्व गेला. नंतर मी पलंगाखालचे गठ्ठे बाहेर काढले. तीनशेच्या वर चित्रं, आणि प्रत्येकात मानेवर नुसतं कोरं अंडं. फोटो आहेत, नाही असं नाही. पण फोटोत तो कॅमेऱ्याला दात दाखवतो. मला तो गप्प बसलेला हवा होता, फार फार हवा होता. आठवणीतून काढायला गेले तर त्या अंड्यात माझ्या भावाचे डोळे उमटले. चार कागद फाडले आणि रडले.

जूनमधल्या एका गुरुवारी गठ्ठा काखोटीला मारून शेडवर गेले. चहाच्या सुट्टीत विचारलं, "कुणी काढलाय का त्याचा चेहरा?"

सगळे आपापल्या वह्या चाळू लागले. खांदे होते, पाठ होती, माझा तो गुडघाही होता. चेहरा त्या वह्यांत कुठेच नव्हता.

"माझंच चुकलं गं, नोएलीन," ग्वेंडा म्हणाली.

"तुझं कसलं चुकलंय! एक दिवस नियम मोडायला माझे काय हात मोडले होते?" मी खेकसले.

कोपऱ्यात क्लॅरी लोणी लावलेला स्कोन-पाव खात होता. ट्रक चालवण्यात जन्म गेलेला माणूस. पेन्सिलही स्टिअरिंगसारखी धरतो. तो पहिल्यापासून नुसते चेहरेच काढायचा, आणि त्यावरून त्याला सगळ्यात जास्त मीच छळायची. "काय रे क्लॅरी, तुझी माणसं मुंडक्यावर चालतात का?"

त्याने लोणी पँटला पुसलं, गाडीतून चार जाड वह्या आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"हसायचं नाही हं, आधीच सांगतो."

मी हसलेच. नाक बटाट्यासारखं, एक कान वर, एक खाली. पण पानं उलटत गेले तसं हसू थांबलं. मान खिडकीकडे असो नाहीतर जमिनीकडे, बुबुळं दर चित्रात डाव्या कोपऱ्यात.

"डोळे सगळे एकीकडेच कसे रे काढलेस?"

"मग काय करू? वैताग होता तुझा नवरा! ग्वेंडा सांगायची, खिडकीकडे बघ. हा जरा वेळ बघायचा, की डोळे परत तिकडेच. शेवटी मी म्हटलं, बाबा रे, एका जागी बघ ना. तर म्हणतो कसा, एकाच जागी तर बघतोय!"

क्लॅरीच्या कोपऱ्यातून डावीकडे, हीटरला चिकटून, माझं स्टूल होतं. अकरा वर्षं तो माझ्याकडे बघत बसला होता, आणि मी त्याचा गुडघा काढत होते.