बाभळीवरचं मडकं

वऱ्हाड प्रांत मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आसेगावच्या शालिकराम माळ्याची बायको तुळसाबाई गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून त्यानं त्या राखेसकट मडक्यात भरल्या आणि मळ्यातल्या बाभळीला टांगल्या. किन्हीराजाहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला की दोघांनी पैनगंगेवर जायचं ठरलं होतं.

एवढा शहाणा माणूस, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. आजारी पडेपर्यंत तुळसाबाई त्याच फांदीला चुलीच्या राखेचं मडकं टांगायची. वांग्यावर कीड पडू नये म्हणून झाडांवर भुरभुरतात, ती राख.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यात आला, तर फांदी मोकळी. मडकं खाली पालथं. त्याचा म्हातारा बाप पुंजाजी धुऱ्यावर, मळ्याच्या बांधावर, बसून हात झटकत होता. मोतीबिंदूनं त्याला धड दिसत नव्हतं, आणि अस्थी कुठं टांगल्यात हे त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

"सुनेचे वांगे कायले वाया जाऊ द्याचे?" म्हातारा म्हणाला. "राख मारून देल्ली. पण लय खडे होते रे तिच्यात. निवडून धुऱ्याखाली फेकले."

शालिकरामला बापाची मानगूट धरावी असं वाटलं. पण हे कळलं तर म्हातारा पुन्हा अन्नाला शिवणार नाही. तो ओठ चावून गुडघ्यांवर बसला.

धुऱ्याखाली सगळी चुनखडी. पांढरे खडे, मळके खडे, नखाएवढे, बोटाएवढे. हाड कोणतं नि खडा कोणता? जिला इतकी वर्षं अंधारातही पावलांवरून ओळखलं, तिला भर उन्हात ओळखता येईना. त्याला स्वतःची शिसारी आली. शेवटी त्यानं निवडणंच सोडलं आणि पांढरं दिसेल ते ओंजळीनं धोतराच्या फडक्यात भरलं. वांग्याची पानं ओल्या रुमालानं पुसली, तो रुमालही त्यातच बांधला.

"काय हरवलं रे?" बापानं विचारलं.

"काही नाही, बाबा."

मेहुण्याची गाडी आली. म्हातारा चाचपडत उठला. "गाडीपावतर मी नेतो सुनेले. तेवढं तं करू दे मले."

नाही कसं म्हणणार? शालिकरामनं गाठोडं त्याच्या हातात दिलं.

"लय जड हाये रे. शेवटी तं नुसता सांगाडा राह्यली होती ना?" म्हाताऱ्याची बोटं फडक्यावरून फिरली आणि थांबली. "शालिक, हे तं खडे हायेत. मी फेकले, तेच?"

"नाही, बाबा," शालिकराम म्हणाला, आणि त्याला हुंदका आवरला नाही.

 म्हाताऱ्यानं गाठोडं खाली ठेवलं नाही.

"नदीवर मले बी घेऊन चाल," तो म्हणाला. "एकएक खडा मी धुऊन सोडतो पान्यात. एखाद्यात तं तुळसा असंन."