पहिली बोट ठरवायचे रविवार

नर्स असताना ताईंचा वॉर्डातला नियम साधा होता. जो रोगी बरा होणार, त्याच्यावर ओरडायचं. "उठा! चाला! लोळत काय पडलात?" त्यांचा दरारा असा, की डॉक्टरसुद्धा जरा कडेकडेने जात. पण ज्याच्यापुढे सगळे उपाय थकले, त्याच्याशी त्या अगदी हळू, गोड बोलत. "घाई कशाला? पुढच्या आठवड्यात बघू हं." ताई गोड बोलल्या की नातेवाईक काय ते समजून जात. वडिलांच्या शेवटच्या आजारात त्या अशाच बोलल्या होत्या, आणि धाकटा भाऊ बापू शेजारी उभा राहून ते ऐकत होता.

अशा ताईंना निवृत्तीनंतर बोटीचं वेड लागलं. खेळण्यातली बोट म्हटलेलं त्यांना खपत नसे. रिमोटवर चालणारी, खऱ्या बोटीची हुबेहूब नक्कल, तीही लाकडाची एकेक पट्टी चिकटवून स्वतः बांधलेली. लहानपणी दोघा भावंडांनी साबणाच्या डबीची बोट हौदात सोडली होती. ती बुडाली तेव्हा बापूने भोकाड पसरलं, आणि ताईंनी त्याला शब्द दिला की मोठेपणी आपण खरी बांधू. आता बापूही नकाशे काढायच्या नोकरीतून मोकळा झाला होता. गावच्या तळ्यावर बोटी सोडणाऱ्यांची एक मंडळी होती. त्यांची रीत अशी, की पहिली बोट जोडीने बांधली असेल तर एकाने ती हाताने पाण्यात सोडायची आणि दुसऱ्याने रिमोट धरायचा. बापूने रिमोट धरायचा आणि ताईंनी बोट सोडायची, हे केव्हाच ठरलं होतं. कोणती बोट, एवढंच ठरत नव्हतं.

दर रविवारी बापू चित्रं घेऊन यायचा. स्पीडबोट ताईंनी पहिल्याच बैठकीत उडवून लावली.

"पहिल्याच दिवशी काठावर आपटून तुकडे होतील."

"मग शिडाची?"

"आणि वारा पडला की तळ्याकाठी बसून जांभया द्यायच्या?"

ताईंचं मत पक्कं होतं: टगबोट. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ती बुटकी, रुंद, दणकट बोट. सावकाश चालते, सहज उलटत नाही, आणि मोटर बसवताना आत हात घालायला भरपूर जागा. रंगही ठरला होता, काळं अंग आणि गाजरी धुराडं.

"विचार करण्यासारखं आहे," बापू म्हणायचा. "पण घाई कशाला, ताई? पुढच्या रविवारी ठरवू." पुढच्या रविवारी तो नवं चित्र आणायचा, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. एकदा मात्र तो एकदम म्हणाला, "डेक चिकटवायच्या आधी बॅटरी आत जाते का बघायला हवं. नाहीतर सगळं कापत बसावं लागतं."

"कुठे वाचलंस?"

"असंच कुठेतरी," म्हणत त्याने चहा ओढला.

ताईंचा उजवा हात अलीकडे थरथरायचा. कप बशीत वाजायचा. बापूने कधी विषय काढला नाही, म्हणून त्याच्या लक्षात आलं नसावं, असं त्या धरून चालल्या होत्या. आठवडाभर त्या कोपर टेबलावर टेकवून काड्यापेटीच्या काड्या चिकटवायचा सराव करत. जमत होतं. सावकाश, चिडचिड करत, पण जमत होतं. फक्त बारीक कामाला चष्मा बदलायला हवा होता. बापू ज्या चष्मेवाल्या मित्राचे एवढे गोडवे गातो, त्याच्याकडेच जाऊ आणि रविवारी नवा चष्मा लावून बापूला चकित करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

चष्मेवाल्याने ताईंना कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच्या काउंटरवर, फ्रेमांच्या रांगेशेजारी, टगबोट उभी होती. काळं अंग, गाजरी धुराडं. डेकवर एक चौकोनी तुकडा कापून पुन्हा बसवलेला. शिकाऊ डॉक्टरने घातलेल्या टाक्यासारखा वेडावाकडा.

"आवडली का?" चष्मेवाला खुलला. "पहिलीच आमची! मी आणि माझा एक मित्र. डेक आधीच चिकटवून बसलो, मग बॅटरी जाईना. हसून हसून पुरेवाट. मागच्या महिन्यात तळ्यात सोडली. मी सोडली, त्याने रिमोट धरला."

"निवड छान आहे," ताई म्हणाल्या.

"ती त्याच्या बहिणीची हो. तिला फार हौस, पण हात थरथरतात बिचारीचे, तिच्याकडून काय होणार? तरी हा दर रविवारी जाऊन तिच्यासोबत चित्रं बघतो. तेवढाच म्हातारीचा वेळ जातो. देवमाणूस आहे बघा!"

ताईंनी उजवा हात पर्समध्ये घातला आणि तिथेच ठेवला. चष्म्याचा नंबर काढताना अक्षरं त्यांनी बरोबर वाचली, अगदी खालच्या ओळीपर्यंत.

घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्याचा भडका उडाला होता. बोट दुसऱ्याबरोबर बांधली, ते एक वेळ गिळलं असतं. मेल्याने निवड त्यांची उचलली, रंग उचलला, आणि वर रविवारी येऊन तोंडभर हसून विचारायचं, मग काय ठरलं! ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, त्याने केसाने गळा कापला. आणि सगळ्यात जास्त झोंबलं ते एक वाक्य. घाई कशाला, पुढच्या रविवारी ठरवू. हे कोणाशी बोलायचं वाक्य आहे, हे ताईंइतकं कोणाला ठाऊक होतं? त्या त्याच्या लेखी केव्हाच संपल्या होत्या, आणि तो गोड बोलत होता. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या. कित्येक वर्षांत रडल्या नव्हत्या.

चष्मा आणायला गेल्या, तेव्हा परतताना त्या मॉडेलच्या दुकानात शिरल्या. टग आता त्यांना बघवत नव्हती. रुंद, सपाट फेरीबोटीच्या सुट्या भागांचं खोकं त्यांनी घेतलं आणि घरी आणून पलंगाखाली सरकवलं.

रविवारी बापू आला. चित्रं टेबलावर पसरली.

"अरे वा, नवा चष्मा! झकास दिसतो. कुठून घेतलास?"

"तुझ्याच मित्राकडून."

बापूच्या हातातलं चित्र तसंच राहिलं. "म्हणजे... तू दुकानात गेली होतीस?"

"हो."

"ताई, ऐक ना. मी सांगणारच होतो. तुझा हात... तुला वाईट वाटेल म्हणून—"

"चहा घे. गार होतोय."

"मी चुकलो. तू म्हणशील तर आजच टग आणू, आपण दोघं पुन्हा—"

"घाई कशाला, बापू?" ताई म्हणाल्या. आवाज अगदी हळू, गोड. "पुढच्या रविवारी बघू हं."

बापूने मान वर केली. हा आवाज त्याने वडिलांच्या खाटेशेजारी ऐकला होता. त्याचा चेहरा उतरला.

"ताई, असं नको ना बोलू. ओरड. हवं तर दोन थोबाडीत मार, पण ओरड माझ्यावर."

ताईंनी त्याची चित्रं गोळा केली, कडा नीट जुळवल्या आणि त्याच्या हातात दिली. हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"ओरडायचं कशाला रे?" त्या तशाच गोड म्हणाल्या. "दमला असशील. जा, घरी जाऊन पड जरा."