काचेच्या पेटीतलं मैदान

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. हल्लीचे लोक मला मॉडेल म्हणतात. क्रीडासंकुलाचं मॉडेल! घडवली तेव्हा माझ्यात धावपट्टी होती, तरणतलाव होता, प्रेक्षकांना बसायला पायऱ्या होत्या, आणि एवढं सगळं असून मी एका टेबलावर मावायची. माझ्या अंगाखांद्यावर आजवर एकही मूल खेळलेलं नाही. तेव्हा फार आशा लावून ऐकू नका, आधीच सांगून ठेवते.

मला घडवलं नगरपालिकेतल्या आरेखकांनी. नकाशे काढणं हे त्यांचं काम. सगळं ऑफिस त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणते. भाऊंची मुलगी पळायची. पालिकेच्या इमारतीमागे एक उघडंबोडकं मैदान होतं. खड्डे, दगड, मध्येच एखादी गाय. तिथे ती रोज सकाळी पळायची आणि शाळांच्या शर्यतीत सगळ्यांना मागे टाकायची. एकदा खड्ड्यात तिचा पाय मुरगळला. भाऊंचा जीव टांगणीला लागला. त्याच सुमाराला पालिकेनं ठरवलं, की या मैदानावर मोठं क्रीडासंकुल बांधायचं, आणि त्याचं मॉडेल भाऊंनी करायचं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! भाऊ हरखून गेले.

माझा जन्म त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर झाला. पुठ्ठा कापला, स्पंजाची झाडं झाली, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत झालं. भाऊंच्या बायकोनं डोक्याला हात लावला. "आता जेवायचं कुठे? तुमच्या स्टेडियमवर?"

धावपट्टी मुलीनं स्वतः रंगवली. शेवटी तिनं विचारलं, "बाबा, यात मी कुठे आहे?"

भाऊंनी एका टाचणीला लाल दोरा गुंडाळला आणि ती धावपट्टीत टोचली. "ही तू."

"एवढीशी?"

"संकुल केवढं मोठं आहे बघ ना!"

पालिकेच्या सभागृहात मला काचेच्या पेटीत ठेवलं, तो दिवस मी विसरणार नाही. अध्यक्ष छडीनं एकेक जागा दाखवत होते आणि लोक माना उंचावून बघत होते. वा वा झाली, टाळ्या झाल्या. मी फुशारले, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात शाळेचे खेळाचे मास्तर उठले. "ते सगळं ठीक आहे, पण तोवर पोरांनी खेळायचं कुठे?"

तेव्हा भाऊ उठले. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. "माझं ऐकाल, तर मैदानाला आधी कुंपण घाला. नाहीतर लोक राडारोडा आणून टाकतील, गाड्या लावतील. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

सूचना एकमतानं मंजूर झाली. महिन्याभरात तारेचं कुंपण उभं राहिलं, फाटकाला कुलूप लागलं. मित्रांनो, या सगळ्या योजनेतली खरोखर उभी राहिलेली गोष्ट ती एकच. आणि कुंपण तर माझ्यात नव्हतंच.

मुलगी भाऊंना डबा द्यायला ऑफिसात यायची. माझ्या काचेशी उभी राहून विचारायची, "बाबा, कधी?"

"जरा थांब. निविदा निघाली की झालंच."

मग पुन्हा, "बाबा, कधी?"

"वरून मंजुरी आली की. त्या दगडधोंड्यांत पाय मोडून घेण्यापेक्षा थोडी कळ काढ."

बापाचा शब्द म्हणून तिनं कळ काढली. पुढे पुढे ती डबा ठेवायची आणि काही न विचारता निघून जायची.

अध्यक्ष बदलले. नवे म्हणाले, पोहणार कोण इथे, गाड्या लावायला जागा हवी. भाऊंनी ब्लेडनं माझा तलाव काढला. त्यांच्यानंतरचे म्हणाले, संकुलानं आपला खर्च आपण काढला पाहिजे, दुकानांचे गाळे घाला. धावपट्टी अर्धी कापली गेली. लाल टाचणीला जागा उरली नाही, तेव्हा भाऊंनी ती गाड्यांच्या तळावर टोचली. कागदी घोडे मात्र जोरात धावत होते. पळणाऱ्याची वर्षं थोडी असतात हो, पालिकेला कसली घाई! स्पर्धांचं वय उलटून गेलं. मुलगी एका कापडदुकानात दिवसभर उभी राहून गिऱ्हाइकं बघू लागली. मग तिचं लग्न झालं.

एक दिवस भाऊ नव्या साहेबांपुढे हात जोडून उभे राहिले. "साहेब, संकुलाचं राहू द्या. निदान ते कुंपण काढा. पोरं तरी खेळतील."

साहेबांनी जुना ठराव मागवून वाचला. "भाऊ, जागा राखीव आहे. आणि कुंपणाची सूचना तर तुमचीच दिसते की!"

भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. मला त्यांची फार कीव आली, पण पुठ्ठ्याला हात कुठून असणार?

भाऊ निवृत्त झाले, त्या दिवशी मला अडगळीच्या खोलीत टाकलं, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. भाऊ निरोप घ्यायला आले, सोबत मुलगी आणि छोटी नात. नातीनं काचेला नाक लावलं. "आई, इथे कधी जायचं आपण?"

भाऊंनी पेटी उघडली, लाल टाचणी उपटली आणि लेकीपुढे धरली. "ही तुझी आहे. घेऊन जा."

"राहू दे, बाबा. हिला बोचेल." तिनं टाचणी घेतली आणि होती तिथेच, गाड्यांच्या तळावर, परत टोचली. मग पोरीचं बोट धरून ती हळूहळू चालत बाहेर गेली.

आता मला वाळवी लागली आहे. मैदानात काटेरी झुडपं माजली आहेत. आता कुलूप उघडलं तरी बैल गेला नि झोपा केला, अशातली गत. माझी काच पुसा असं मी म्हणणार नाही, माझं काय राहिलंय? पण मित्रांनो, तुमच्याकडे एखादं खडबडीत मैदान असेल, तर ते जपा. रोज खेळूनच जपा. कुणी माझ्यासारखी देखणी पेटी आणून दाखवली, तर खुशाल टाळ्या वाजवा, पण मैदान सोडू नका. आणि पळणाऱ्या पोरीला 'जरा थांब' असं कधी म्हणू नका. ती थांबते.