रजनीचा षड्ज

"अंकल, इसमें बीच का कुछ नहीं होता. या तो ये पट्टी, या वो," कीबोर्डवाल्याने शेजारशेजारच्या दोन पट्ट्या दाबून दाखवल्या. "रबाब ही उतारना पड़ेगा."

पागेमास्तरांनी रबाब छातीशी धरला. उज्जैनच्या फ्रीगंजातलं सभागृह भरत आलं होतं. आज त्यांच्या शिष्येचं, मृणालचं, रबाबावर पहिलं वादन. सतार, दिलरुबा, मँडोलिन, तुर्कांचा लांब दांडीचा साज, काबुली रबाब, दुनियेभरच्या तारा मास्तरांना बोलत्या करता यायच्या. पण घरोघर केबल आली, गल्लोगल्ली कीबोर्डचे क्लास निघाले आणि शिष्य हां हां म्हणता पांगले. उरली ही एकटी. बँकेतली नोकरी आणि सासर सांभाळून संध्याकाळी नानाखेड्याला मास्तरांच्या घरी यायचीच. आज सासरची मंडळी पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या साथीला कोरस होता, कीबोर्ड होता.

"काका, उतरवून घ्या ना," मृणाल म्हणाली. "थोडासाच तर फरक आहे."

थोडासाच! मास्तर काय सांगणार, कपाळ? रबाबातला तो षड्ज रजनीचा होता. त्यांची बायको गायची ती याच सुरात, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध. "माझा गळा काय पेटीला विचारून घडवलाय?" असं वर ऐकवायची. ती गेली, आणि तिचा तंबोरा माहेरचे आठवण म्हणून घेऊन गेले. ताणाने दांडी वाकू नये म्हणून मास्तर रोज रात्री सगळ्या वाद्यांच्या तारा सैल करून ठेवत. रबाबाच्या मात्र नाही. सकाळी त्याच्यावरून बाकीची वाद्यं जुळवायची, की घरभर रजनीचा सूर. तुम्ही म्हणाल, एवढा जाणता माणूस, सूर डोक्यात राहत नाही? नाही राहत. गेलेल्या माणसाचा चेहरा तरी कुठे धड राहतो?

"मला भीती वाटून राहिलीय हो, काका."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "तूच जुळव. शिकवलंय मी तुला," ते म्हणाले. मग एकदाच तार छेडली, तो सूर गळ्यात घेतला, ओठ मिटले आणि गुणगुणतच रबाब तिच्या हाती दिला. घरी जाऊन सतारीची तार या सुरावर चढवली की झालं, असा त्यांचा हिशेब.

"कुठे चाललात? समोर बसा ना! तुम्ही दिसलात की हात नाही कापत माझे."

तोंड उघडायची सोय नव्हती. हातानेच 'आलो' अशी खूण करून मास्तर कानात बोटं घालून बाहेर पडले. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, म्हातारा सटकला.

ते ऑटोत बसले.

"कहाँ चलना है, बाबूजी?"

मास्तरांनी एका कानातलं बोट काढून नानाखेड्याच्या दिशेने हात केला.

"अरे, कुछ बोलो तो सही! उधर तो पूरा उज्जैन पड़ा है."

मास्तर त्याच हाताने खुणा करत राहिले. तेवढ्यात सभागृहाबाहेरच्या कर्ण्यातून मृणालचं नाव पुकारलं गेलं. मास्तरांनी दोन्ही कान पुन्हा दाबले तरी रबाब ऐकू आला. सुरुवात झाली, अडखळली. पुन्हा तीच जागा, पुन्हा अडखळली. मग नुसता कीबोर्ड वाजत राहिला. पोरगी आता त्यांची खुर्ची शोधत असणार.

"बाबूजी, जाना है कि नहीं?"

"नहीं जाना, भैया," मास्तर म्हणाले.

एवढं बोलले आणि गळा रिकामा झाला. ते उतरले, आत गेले आणि पहिल्या रांगेत मृणालच्या सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. मृणालने पाहिलं. मान खाली घालून तिने पुन्हा सुरुवात केली आणि मग कुठेही थांबली नाही. टाळ्या पडल्या. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलंत ना हिला?" मास्तरांनी मान डोलावली.

सकाळी त्यांनी सवयीने सतार मांडीवर घेतली. खुंटी थोडी पिळली, तार छेडली. आणखी थोडी पिळली. मग हात थांबला. कुठवर चढवायची, हे सांगणारं आता घरात काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी तार होती तशी सैल केली आणि चहाचं आधण ठेवायला उठले.