बिनपोच्याचा टप

"खोटारडे आहेत ते शेरीफच्या कचेरीतले! वरच्या खुर्चीपासून खालच्या शिपायापर्यंत, एकजात खोटारडे!" ओलेटानं जेवणाचा डबा कामाच्या टेबलावर आदळला. "शवपेटीचं झाकण उघडू दिलं नाही, गाडी बघू दिली नाही. चेंदामेंदा झाला म्हणे. भट्टीत गेली म्हणे. आणि तू? तू त्यांच्यातल्याच पोराची गाडी नटवत बसलायस!"

व्हर्लिन स्ट्राउडनं ग्राइंडर बंद केला. भावजयीला उत्तर द्यायचं तर तोंडावरचं फडकं काढावं लागणार होतं. त्यानं ते काढलं, झटकलं आणि पुन्हा बांधलं.

"काम आलं, करतोय," तो फडक्याआडून म्हणाला.

"अख्ख्या खोऱ्यात पत्रा ठोकणारा तू एकटाच उरलास? त्यानं तुझंच दुकान का धरलं, विचारलंस?"

विचारलं नव्हतं. पण गाडी दारात आल्यापासून तोच किडा डोक्यात वळवळत होता. गेलन प्रुइट, शेरीफच्या कचेरीतला पोरगेला डेप्युटी. आपली चौतीस सालची दोन दारांची फोर्ड कूप आणून उभी करतो, "टप बुजवून द्या" म्हणतो, आणि वर पत्राही स्वतःच घेऊन येतो. त्या काळच्या गाड्यांच्या टपाला मधोमध मोठी मोकळी जागा असायची. कारखान्यानं ती लाकडी पट्ट्या नि मेणकापडावर भागवलेली. इंजिन तगडं करून पळवायच्या गाडीला असलं ठिगळ कोण ठेवतो? दुसऱ्या एखाद्या लांब गाडीच्या टपातून धड तुकडा कापायचा आणि तिथं जोडायचा, ही रीतच होती. त्यात वावगं काही नाही. वावगं होतं ते गेलननं ह्या दाराशी येणं.

व्हर्लिनचा भाऊ, ओलेटाचा नवरा क्लीट, त्याच्या मरणाची चौकशी झाली तेव्हा हात वर करून शपथ घेतली ती ह्याच गेलननं. "कालव्याच्या बांधावरून गाडीनं तीन पलट्या खाल्ल्या. टप सीटला टेकला होता," असं तो भरल्या खोलीत बोलला. बोलताना भिंतीजवळच्या झेंड्याकडे बघत होता. सख्ख्या भावाकडे नाही, बायकोकडे नाही.

क्लीट कापूस वेचणाऱ्यांना एकत्र करत ह्या मळ्यातून त्या मळ्यात हिंडायचा. ते कुणाच्या डोळ्यांत खुपत होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मोठ्यांची मात्र दातखीळ बसलेली.

ओलेटा घरी गेली नाही. बादली उपडी घालून तिच्यावर बसली.

"कर कर. बघू दे मला त्याचे लाड कसे करतोस."

व्हर्लिननं ग्राइंडर पुन्हा लावला. गेलनच्या पत्र्यावर काळा रंग होता, तोही ब्रशनं फासलेला, वाळलेले ओघळ तसेच. भंगारातल्या पत्र्याला रंग कोण देतं? तो निघाला तसा खालून बदामी आला. खोऱ्यातल्या निम्म्या स्टेशन वॅगन बदामीच होत्या, क्लीटचीही. त्याचं काय एवढं. मग बदामीही निघाला आणि उघड्या लोखंडावर एक पिवळा ठिपका चमकला. पितळ. जरा पुढे दुसरा. दोन्ही एका रेषेत.

त्याचा हात थांबला.

पत्रा त्यानं उलटा केला. आतल्या अंगाला, दुसऱ्या ठिपक्याखाली, पितळाचा ओघळ वाकडा होऊन थिजला होता. जोडकाम करताना जाळ घसरला की असा ओघळ उतरतो. आणि जाळ का घसरला होता, हेही व्हर्लिनला आठवलं. टपावरचा कॅरियर वाऱ्यात शिट्ट्या मारतो म्हणून ओलेटानं क्लीटला तो काढायला लावला होता. राहिलेली भोकं व्हर्लिननं पितळ वितळवून बुजवली, आणि क्लीट शेजारी उभा राहून असा काही चावट विनोद सांगत होता की हसू आवरेना.

पत्रा ठोकणारा स्वतःचं काम विसरेल, त्याचा हात विसरत नाही.

त्यानं सुती फडकं तळहाताखाली धरलं आणि पत्र्यावरून फिरवलं. फडक्यातून हाताला डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. पोचा नाही. सुरकुती नाही. कुणी ठोकून सरळ केला असेल म्हणावं, तर आतून हातोडीचे वण राहतात. इथं कारखान्याचा आतला राखाडी रंगसुद्धा शाबूत. ह्या टपानं मातीचं ढेकूळही झेललेलं नव्हतं, मग पलट्या कसल्या.

"काय रे?" ओलेटा म्हणाली. "साप दिसल्यासारखा काय उभा राहिलास?"

त्याला दोनच गोष्टी सुचत होत्या. एकतर गेलन आपल्याला जोखायला आला होता: ओळखतो का बघू. नाहीतर क्लीटची शेवटची खूण क्लीटच्याच भावाच्या हातानं रंगाखाली गाडून टाकायची, असला काहीतरी त्यांचा खेळ होता.

त्यानं गेलनला फोन लावला. "पत्रा बसवून बघतोय. जोडायच्या आधी नजर टाकून जा," एवढंच बोलला. मग पत्रा कूपच्या टपात बेतून बसवला आणि शिकंजे आवळले. जोडाचा टाका मात्र एकही घातला नाही.

"तो येतोय," तो ओलेटाला म्हणाला. "मी बोलेपर्यंत तू बोलू नकोस."

"माझ्या तोंडाला कुलूप घालायला तूही त्यांना मिळालास का?"

"ओलेटा. आजचा दिवस ऐक माझं."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि ओठ मिटले.

गेलन जेवणाच्या सुट्टीत आला, वर्दीतच, दातात काडी धरून. ओलेटाला बघून त्यानं टोपी काढली. "मिसेस स्ट्राउड." तिनं मान वळवली. तो जरा वरमला, पण गाडी दिसताच चेहरा खुलला.

"वा, मिस्टर स्ट्राउड! जन्मापासून तिथंच असल्यासारखा बसलाय!"

"पत्रा चांगला आहे. कुठून उचललास?"

"मीच निवडला. कचेरीच्या जप्त गाड्यांच्या आवारात, अगदी मागच्या रांगेत होती एक वॅगन. चाकं, दारं, इंजिन, सगळं कुणी कुणी नेलेलं. रखवालदार म्हणाला, ने, भट्टीतच जायचीय." तो हसला. "अख्ख्या आवारात एवढाच टप धड होता. एक पोचा दाखवा!"

"हात फिरव."

गेलननं तळहात फिरवला. कुत्र्याला कुरवाळावं तसा.

"ते पिवळे ठिपके बघ. तिथं कॅरियर होता. भोकं मी बुजवली, ह्याच टेबलापाशी. क्लीटच्या गाडीची."

गेलनचा हात पत्र्यावर तसाच राहिला. तोंडातली काडी खाली पडली. व्हर्लिन त्याच्या चेहऱ्यावर डोळे रोखून उभा होता. लबाडी असती तर ती आता डोळ्यांत दिसली असती. दिसली नाही. पोरगा हळूहळू पांढरा पडला आणि त्यानं हात असा काढून घेतला, जणू पत्रा तापला होता.

"तीन पलट्या," व्हर्लिन म्हणाला. "टप सीटला टेकला. शपथ घेऊन."

"मी..." गेलननं टोपी चुरगळली. "मी गाडी पाहिलीच नव्हती."

ओलेटा उठली. बादली गडगडत गेली.

"त्या दिवशी मी कालव्यावर नव्हतोच," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मला बोलावून सांगितलं, असं असं झालं, तू साक्षीला उभा राहा. तू स्ट्राउड लोकांच्या चर्चमधला आहेस, तुझं ऐकतील. मला वाटलं, झालंच असेल तसं. नवीन होतो मी, मिस्टर स्ट्राउड."

"कुणी सांगितलं?"

गेलन रस्त्याकडे बघू लागला. कचेरी त्याच बाजूला होती.

"मला निघायला हवं," तो पुटपुटला.

व्हर्लिननं शिकंजे सोडले. पत्रा उचलून ओलेटाच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. कडा बोचत होत्या, तरी धरला. कूपचा टप पुन्हा उघडा पडला.

"जा," व्हर्लिन म्हणाला. "गाडी इथंच राहील, अशीच उघडी. ज्यानं तुला तीन पलट्या पढवल्या, त्याच्या टेबलासमोर उभा राहा आणि विचार. म्हणावं, गाडी उलटलीच नाही, तर माझा भाऊ मेला कसा? उत्तर घेऊन ये, गेलन. त्याच्या तोंडचं."