हातभर खड्डा

वेणीमाधवने भूमिपूजनाला बोलावलं आणि मी लगेच हो म्हटलं. आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत सगळ्यांनी कपाळाला हात लावला. ज्याच्या कारखान्याने ढुंढिराज गुरुजींची इंदू नेली, त्याच्याच घरचं कार्य गुरुजी करणार? करणार होतो. अशी संधी पुन्हा कुठली मिळायला!

कारखान्यात नळ-तोट्यांवर क्रोमचा मुलामा चढवायचे. उरलेलं पिवळं, विषारी पाणी आवारातच सोडायचे. भिंतीपलीकडे माझ्या बायकोची, इंदूची शाळा. तिथल्या हापशाचं पाणी पीत ती पोरांना शिकवत राहिली, मूत्रपिंडं निकामी होईपर्यंत. पुढे कारखाना बंद पडला, पण वेणीमाधवला कुणी साधं हटकलंही नाही. आपल्या मराठी समाजाच्या गणेशोत्सवात तो पहिल्या रांगेत बसायचा. आरती म्हणताना माझी नजर त्याच्याकडे जायची आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

आता त्या जागेवर यात्रेकरूंसाठी हॉटेल व्हायचं होतं. जागा घेणाऱ्या दिल्लीच्या लोकांची अट एकच होती: विषारी माती पार उपसून न्यायची. वेणीमाधवने ती वरवर खरवडली आणि वर गंगेची रेती पसरली. रेतीचे ट्रक रिकामे होताना मी स्वतः पाहिले. थर वीतभरही नव्हता.

आजकाल कुदळ टेकवली की भूमिपूजन उरकतं. तेवढ्यावर त्याचं भागलं असतं. पण दिल्लीच्या पाहुण्यांसमोर मिरवायची हौस नडली. सगळं शास्त्रोक्त करा, पाहुण्यांना आपली रीत दिसू दे, असं त्याने मला फोनवर दोनदा बजावलं. शास्त्रात भूमीची परीक्षा सांगितली आहे. हातभर खोल खड्डा खणायचा, त्यात पाणी भरायचं आणि ते कसं राहतं ते बघायचं. आजोबांनंतर आमच्या घरात ती कुणी केली नव्हती.

मी केली. रेती संपून कुदळ खालच्या मातीत शिरली तेव्हा वेणीमाधव चुळबुळला. पुरे आता, असं पुटपुटला. मी मंत्राचा आवाज चढवला. कळशीभर पाणी ओतलं, आणि बघता बघता ते पिवळंजर्द झालं.

दिल्लीचे पाहुणे वाकून बघू लागले. एकाने विचारलं, "पंडितजी, इसमें हल्दी डाली है क्या?"

मी तोंड उघडायच्या आत वेणीमाधव म्हणाला, "हाँ हाँ, हल्दी ही है. हमारे यहाँ ऐसा ही होता है."

मी पळी खड्ड्यात बुडवली. त्याचा उजवा हात धरला आणि ते पाणी तळव्यावर ओतलं.

"हळद आहे ना? मग आचमन करा, वेणीमाधवराव."

असं आचमन कुठल्याही शास्त्रात नाही. ते माझं होतं. पाहुण्यांनाही कळावं म्हणून मी तेच हिंदीत सांगितलं. मी शांतपणे त्याच्याकडे बघत राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. इंदू गेल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्याने हात झटकला, शालीला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

"पानी लाओ कोई," तो ओरडला. "साफ पानी! साबुन लाओ, जल्दी!"

हे तो हिंदीत ओरडला, त्यामुळे पाहुण्यांना मला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.